व्यसनमुक्तीच्या गटाची पहिली बैठक घेण्यापूर्वी

दारू सोडू पाहणाऱ्यांचा साप्ताहिक उपचार-गट तालुक्याच्या गावी चालवायचा असेल, तर प्रत्येक इच्छुकाला आधी एकट्याने भेटून घ्यावे. पुढच्या बऱ्याच अडचणी ही भेट टाळल्यामुळे उद्भवतात. लहान गावात सख्खे चुलतभाऊ, सावकार आणि त्याचा कर्जदार किंवा एकाच शाळेतले मुख्याध्यापक व शिपाई समोरासमोर येऊ शकतात, आणि तसे झाले की दोघेही गप्प बसतात. शेवटचे मद्यपान कधी झाले, हेही याच भेटीत विचारावे, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरण्यापासून झटके आणि भ्रमापर्यंतचा, प्रसंगी जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. अशा व्यक्तीला आधी डॉक्टरांकडे पाठवावे. गटातली तिची जागा राखून ठेवता येते.

सात-आठ सभासद पुरेत. खोली निवडताना पंख्यापेक्षा भिंतींकडे लक्ष द्यावे, म्हणजेच सहकाऱ्याला बाहेर उभे करून आपण नेहमीच्या आवाजात बोलावे आणि त्याला काय ऐकू आले ते विचारावे. बैठकीची वेळ शेवटच्या एसटीकडे पाहूनच ठरवावी.

गोपनीयतेबाबत गटचालकाने स्वतःची फसगत करून घेऊ नये. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मधील कलम 23 उपचार करणाऱ्या व्यावसायिकांना बांधते, शेजारच्या खुर्चीवरील सभासदाला नाही. त्यामुळे सभासदांकडून तसे वचन घ्यावे, पण ते मोडले जाऊ शकते हे त्यांना स्पष्ट सांगावे, आणि कोणाच्या जिवाला धोका दिसल्यास आपणही मौन पाळणार नाही, हेही त्याच वेळी सांगून टाकावे. सोयीचा वाटला तरी व्हॉट्सॲप गट काढू नये, कारण त्यात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. निरोप वेगवेगळे पाठवावेत, कंटाळा आला तरी.

कोणी पिऊन आला तर काय करायचे, हे सहचालकाशी आधीच ठरवावे: एकाने बैठक चालू ठेवावी, दुसऱ्याने त्याला न रागावता बाहेर न्यावे, मोटारसायकलची किल्ली मागून घ्यावी, घरच्या कोणाला बोलवायचे ते त्यालाच विचारावे आणि पुढच्या आठवड्याचे निमंत्रण शुद्धीवर आल्यावर फोनने द्यावे. सतत बोलणाऱ्याला आवरणे त्यामानाने सोपे असते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक प्रत्येकाला कागदावर लिहून द्यावा, कारण गट आठवड्यातून एकदाच भरतो.