पिशवीतली बी उघडून पाहायची तर: वालापासून नारळापर्यंत

वाशीच्या बाजार समितीत पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य. त्यातला कांदा-बटाट्याचा सोडला, तर बाकीचे चारही बऱ्याच अंशी बिया आणि फळांवर चालतात. भाजीबाजारातली वांगी, भेंडी, दुधी, टोमॅटो, गवार ही वनस्पतीच्या दृष्टीने फळंच. आपण रोज जे खातो, नेसतो, डोक्याला लावतो, त्यातलं किती बीमधून येतं हे घरच्या ओट्यावर पाहता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, एक रविवार पुरतो.

माझं म्हणणं एवढंच, की बीचा किंवा फळाचा प्रत्येक भाग झाडाने कशासाठी तरी केलेला असतो आणि आपण बहुतेक वेळा त्याच गुणाचा उपयोग करून घेतो. हा धागा धरून पाहिलं की पाठांतर करावं लागत नाही.

आदल्या दिवशी: पिशवी भरा

ठाण्यात असाल तर जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत सगळं मिळतं. पाव किलो कडवे वाल, मूठभर मक्याचे सुके दाणे, थोडे धणे, जिरं, मोहरी, एक जायफळ, थोडी जायपत्री, चिंचेच्या दोन-चार शेंगा आणि दोन नारळ. एक नारळ सोललेला पण शेंडी ठेवलेला, दुसरा सालासकट. सालासकट नारळ शहाळेवाल्याकडे मागा आणि त्यालाच कोयत्याने उभा चिरून द्यायला सांगा. घरी सुरीने प्रयत्न करू नका, हाताला लागतं. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणा. घरात भिंग असेल तर उत्तम.

वाल आणि मका रात्री वेगवेगळ्या वाटीत भिजत घाला. थोडे वाल कोरडेच बाजूला ठेवा.

पहिली परीक्षा: एक खूण की दोन?

सुरी हातात घेण्याआधी नुसतं बघा. बीवर एकच खूण असते, ती जिथे फळाला चिकटलेली होती तिथली. तिला नाभी म्हणतात. फळावर दोन खुणा असतात: एका टोकाला देठाची आणि दुसरीकडे फुलाच्या कुक्षीचा (परागकण झेलणाऱ्या टोकाचा) उरलेला अवशेष.

कोरडा वाल बोटात धरा. त्याच्या कडेला उठून दिसणारी पांढरी रेघ आहे, तीच नाभी. दुसरी खूण सापडणार नाही, म्हणजे वाल बी आहे. आता धणा घ्या. एका टोकाला देठाची जागा आणि दुसऱ्या टोकाला बारीक चोच. दोन खुणा, म्हणजे धणा फळ आहे. तळव्यावर रगडलात की त्याच्या दोन टोप्या सुटतात आणि प्रत्येकीत एक बी असते. कोथिंबीर लावताना धणे रगडून पेरतात ते यासाठीच. जिरं, ओवा आणि बडीशेप याच कुळातली, तीही फळं. मोहरी आणि मेथी मात्र बिया.

हा फरक फक्त नावापुरता नाही. जिऱ्याचा वास त्याच्या टरफलातल्या तेलाच्या बारीक नळ्यांमध्ये असतो, मोहरीचं तेल मात्र आतल्या दलांमध्ये, म्हणजे बीच्या डाळीसारख्या दोन भागांमध्ये. म्हणून जिरं नुसतं भाजलं तरी वास सुटतो आणि मोहरीचं तेल काढायला घाणा लागतो.

वाल: इथे घाई करू नका

भिजलेला वाल फडक्याने नीट कोरडा करा. मग पांढऱ्या रेघेच्या टोकाकडे भिंग धरून दोन बोटांनी हलकेच दाबा. एका बारीक छिद्रातून पाण्याचा थेंब वर येईल. हे बीजरंध्र. पाणी आत शिरायला त्याचीही वाट असते. मी ही गोष्ट सोसायटीतल्या मुलांना दाखवते तेव्हा पहिला थेंब दिसला की वाटी हातोहात फिरते आणि कुणालाच आपला वाल खाली ठेवायचा नसतो.

आता साल काढा. बिरडं करणाऱ्या घरात हे काम पाठ असतं: कोमट पाण्यात टाकलं की साल सुटते. ही साल म्हणजे बीजकवच. आतून दोन दलं निघतात, आपल्या डाळिंब्या. ती अलगद उघडा. एका कडेला दोन्हींना धरून ठेवणारा छोटा आकडा दिसेल. त्याचं टोकदार टोक म्हणजे आदिमूळ, मोड येतो तो याचाच. दुसऱ्या टोकाला घडी घातलेली इवलीशी पानं आहेत, तो अंकुर. सगळं रोप आत तयार बसलेलं आहे आणि दोन जाड दलं ही त्याची शिदोरी.

डाळीचा सगळा व्यवसाय या शिदोरीवर उभा आहे. डाळमिलमध्ये कडधान्याची साल काढून दलं वेगळी करतात, त्यात तो आकडा तुटतो. म्हणून अख्ख्या मुगाला मोड येतात, मूगडाळीला कधीच येत नाहीत. उरलेली साल आणि चुरा चुनी म्हणून गुरांना जातो. (वाल कच्चे चाखू नका, ते नीट शिजवूनच खायचे असतात.)

गवारीच्या बीची शिदोरी जराशी वेगळी. ती दलांबाहेर, भ्रूणपोषात, म्हणजे रोपासाठीच्या वेगळ्या अन्नसाठ्यात, डिंकासारख्या रूपात असते. तिच्यापासून निघणारा गवार गम आइस्क्रीम घट्ट करायला आणि तेलविहिरी खोदतानाही वापरतात.

मका: आयोडीनचा थेंब

भिजलेल्या मक्याचा दाणा रुंद बाजूने उभा चिरा आणि कापलेल्या भागावर आयोडीनचा थेंब टाका. मोठा भाग निळाकाळा होईल, कारण तो पिष्टाने भरलेला भ्रूणपोष आहे. एका बाजूचा फिकट, ढालीसारखा भाग भ्रूणाचा, म्हणजे आतल्या इवल्या रोपाचा. कॉर्नफ्लोअर त्या काळ्या भागातून येतं आणि मक्याचं तेल फिकट भागातून. गव्हात मैदा आणि रवा भ्रूणपोषातून मिळतात, आणि फळाची भिंत व बीची साल एकत्र चिकटलेला थर म्हणजे कोंडा. हो, गहू, तांदूळ, मका ही सगळी फळंच, त्यांची भिंत बीला घट्ट चिकटलेली असते. मक्याच्या कणसावरचा प्रत्येक धागा एकेका दाण्याचा असतो. परागकण ज्या धाग्यापर्यंत पोचला नाही, त्याचा दाणा भरत नाही.

नारळ: एकाच फळात तीन धंदे

उभा चिरलेला नारळ समोर ठेवा. बाहेरचा गुळगुळीत पातळ थर बाह्यफलावरण, त्याच्या आतला तंतूंचा जाड थर मध्यफलावरण, मग कडक करवंटी म्हणजे अंतःफलावरण. खोबऱ्याला चिकटलेली तपकिरी साल ही बीची साल, खोबरं म्हणजे भ्रूणपोष. शहाळ्याचं पाणीही भ्रूणपोषच, पेशी न बनलेला द्रव. पेशी कडेने बनत गेल्या की मलई धरते आणि पुढे तिचंच खोबरं होतं.

प्रत्येक थराचं काम विचारा. नारळ किनाऱ्यावरून पाण्यात पडतो आणि तरंगत लांब जातो, म्हणून मध्ये हवेने भरलेले, खाऱ्या पाण्यात सहज न कुजणारे तंतू आहेत. माणसाने नेमका तोच गुण उचलला. सालं काही महिने पाण्यात कुजत ठेवली की मऊ भाग सुटतो आणि उरलेल्या काथ्याचे दोर, पायपुसणी, गाद्या होतात. करवंटी आतल्या गराचं रक्षण करते. ती जाळून केलेल्या कोळशापासून पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला कार्बन बनतो. आणि रोपासाठी साठवलेलं तेल आपण केसांना लावतो. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून नारळी पौर्णिमेला खाडीत सालासकट सोडलेला नारळ तरंगतो, त्याचंही कारण हवेने भरलेले हे तंतूच.

शेंडीच्या नारळाची शेंडी बाजूला करा. तीन डोळे दिसतील, त्यातला एक मऊ. त्यात विणकामाची सुई घालून बघा, ती आत जाईल. नारळ फोडल्यावर त्या डोळ्याच्या आतल्या खोबऱ्यात मुगापेक्षा थोडा मोठा पांढरा खुंट मिळेल. तो नारळाचा भ्रूण. एवढ्या मोठ्या फळात रोप एवढंसं! म्हणून कोंब फुटलेल्या जुन्या नारळात गोडसर स्पंजासारखा गोळा असतो. ते नारळाचं बीजपत्र, म्हणजे दल, आत पसरून खोबरं शोषून रोपाला पुरवतं.

उरलेलं पटकन

जायफळ आडवं कापा, तपकिरी नक्षी दिसेल. ती आतली साल भ्रूणपोषात घड्या घालत शिरल्याने होते. जायपत्री हे त्याच बीवरचं लाल जाळीदार आवरण, बाहेरचं मूळ फळ वेगळंच, म्हणजे जायफळ ही बी.

चिंचेत गर म्हणजे मध्यफलावरण, प्राण्यांना बोलावण्यासाठी. चिंचोक्याची शिदोरी मात्र घट्ट चिकट. घोंगडीला खळ द्यायला चिंचोके वापरत आले आहेत, कापडगिरण्यांतही त्याची पूड लागते.

कापूस मिळाला तर सरकीसकट घ्या आणि धागा ओढून बघा. तो सरकीच्या सालीवरचा केस आहे. मार्च-एप्रिलमध्ये ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलात तर काटेसावरीखाली पडलेली बोंडं उचला. त्यांतला कापूस बीला नाही, फळाच्या भिंतीला फुटतो आणि बोटात धरताच निसटतो. सूत काढायला तो चालत नाही, उशा मात्र छान भरतात.

काजू सोलायचा मोह टाळा. ओल्या काजूच्या टरफलातला चीक कातडी भाजतो. रंग आणि ब्रेकच्या अस्तरासाठी कारखाने तोच वापरतात. एरंड आणि गुंजा मुलांच्या हाती देऊ नका, त्या विषारी आहेत.

पाहिलेलं वहीत तीन रकान्यांत लिहा: वस्तू, भाग, झाडासाठी त्याचं काम. भिजवून उरलेले वाल मात्र उचलून ठेवू नका. सोललेल्यांचं बिरडं करा. न सोललेले दोन-तीन एका कागदी पेल्यात पेरून खिडकीत ठेवा. काही दिवसांत वाकलेली मान काढून दोन्ही दलं मातीबाहेर येतील, हळूहळू सुरकुततील, आणि खरी पानं उघडली की गळून पडतील.