गोठत्या थंडीत प्रवासी बोट चालवताय? या चुका टाळा

"आज बोट काय शांत चालली हो, झुलतच नव्हती!" दर हिवाळ्यात कुणीतरी नवा तांडेल येऊन हे कौतुकानं सांगतो. मी आधी त्याच्या टपाकडे बघतो. वर बर्फ असतोच.

हवा उणे 2 अंशांच्या खाली गेली आणि वारा जोराचा असला, की नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उडालेलं पाणी पडेल तिथेच गोठतं. एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर थर म्हणजे जवळपास 9 किलो. वीस चौरस मीटरच्या टपावर तीन सेंटिमीटर साचला, तर पाचशे किलोंच्या वर गेलात. सात माणसांना टपावर बसवून कुणी बोट सोडेल का? वजन वर गेलं की कललेली बोट सरळ व्हायला वेळ लावते. तोच आळस या पोरांना शांतपणा वाटतो.

मलाही वाटला होता. माझा तिसरा हिवाळा, अकरा प्रवासी, वीस मिनिटांचं अंतर. बर्फ फोडायला पंधरा मिनिटं गेली असती, म्हणून तसाच निघालो. अर्ध्या वाटेत वळण घेतलं आणि बोट एका अंगाला झुकली ती झुकलीच, जणू परत यावं की नाही याचा विचार करत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "आज बरं वाटतंय." माझ्या तोंडाला कोरड पडली. वेग उतरवला, पाणी कमी उडेल अशी दिशा धरली आणि सगळ्यांना मधोमध खाली बसवलं. खलाशी टपावर चढायला निघाला, त्याला ओरडून थांबवलं. पुन्हा वळायचं धाडस केलं नाही, तसंच पलीकडे गेलो. धक्क्याला लागल्यावर पाऊण तास बर्फ फोडत होतो.

तेव्हापासून हेलकावा मोजतो. कोरडी असताना माझी बोट इकडून तिकडे आणि परत यायला चार सेकंद घेते. पाच लागले की निघायचं नाही, वाटेत असलो तर जवळचा आडोसा गाठायचा. बर्फ धक्क्यावर, लाकडी हातोड्यानं, वरून खाली आणि दोन्ही बाजूंनी आलटून पालटून फोडायचा. गरम पाणी ओतणाऱ्या घाईवाल्यांनी काचा तडकवल्यात, आणि ते पाणी डेकवर पुन्हा गोठलं ते वेगळंच.

दुसरी चूक इंजिनाची. पाण्यात बर्फाचा चिखल असला की तो थंडाव्याच्या पाण्याच्या गाळणीत बसतो. नवशिक्या वेगाचा काटा बघत राहतो, मी तापमानाचा बघतो, आणि मागे वळून धुराड्यातून ते थंडाव्याचं पाणी बाहेर पडतंय ना तेही. गाळणी उघडायला किती वेळ लागतो, हे धक्क्यावर हातमोजे घालून एकदा करून बघा.

उन्हाळ्यातलं डिझेल टाकीत ठेवू नका, त्यात मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो. उतरलेली बॅटरी गोठते, भरलेली सहसा गोठत नाही. डेकवरचं पाणी जायची भोकं गोठली असतील तर मोकळी केल्याशिवाय दोर सोडू नका. हीटर लावून केबिन घट्ट बंद करणाऱ्यांनी निदान कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तरी बसवावा, त्या वायूला वास नसतो. फुगणारं लाइफ जॅकेट कोटाच्या आत घालू देऊ नका. आणि नुसती डोकी मोजू नका, जाड कपड्यांचंही वजन असतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलानं 2011 मध्ये माणशी गृहीत धरायचं वजन 160 वरून 185 पौंड केलं, ते उगाच नाही.

शिडीबद्दल मात्र मी हट्टी आहे. बर्फाळ पाण्यात पडलेला माणूस पहिलं मिनिटभर नुसता धापा टाकतो. पुढची दहाएक मिनिटं हात चालतात, शुद्ध साधारण तासाभरात हरपते. म्हणजे शिडी चढायची ताकद दहाच मिनिटं. ती शिडी बर्फात चिकटलेली मी कितीतरी बोटींवर बघितलीय. माझी मी रोज सकाळी खाली सोडून, पायानं दाबून बघतो.