एनएमएमएस देताय? मग या चुका टाळा

गेली काही वर्षं मी आठवीच्या पोरांची एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेची, तयारी करून घेतोय, आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो मेरिट लिस्टमध्ये नाव येऊनसुद्धा खात्यात पैसे न आलेलं पोर बघताना. महिन्याला 1000 रुपये, नववी ते बारावी मिळून 48000, ज्या घरात वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत आहे तिथे ही रक्कम लहान नाही हो.

पहिली गडबड नावाची. एका मुलीच्या आधारवर नुसतं नाव आणि आडनाव होतं, शाळेच्या जनरल रजिस्टरला वडिलांचं नाव मधे, आणि बँक पासबुकात आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. पोर्टलवर फॉर्म अडकला आणि मग आईची रोजंदारी बुडवून आधार सेंटरला चकरा सुरू झाल्या. म्हणून आठवीच्या सुरुवातीलाच आधार, रजिस्टर आणि पासबुक तिन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. खातं आधारला लिंक आहे का हेही बँकेत जाऊन विचारा, कारण पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात.

दुसरं, 180 पैकी 72 मार्क म्हणजे 40 टक्के पडले की झालं असं पालक धरून चालतात. तसं नाहीये. ती फक्त पात्रता आहे (एससी, एसटीला 32 टक्के), निवड कोट्याप्रमाणे मेरिटने होते, म्हणून पासापुरता अभ्यास करू नका.

परीक्षेत दोन पेपर असतात. अभ्यासात पोरं सॅट म्हणजे शालेय विषयांच्या पेपरच्या मागे लागतात आणि मॅट म्हणजे बुद्धिमत्ता चाचणी शेवटच्या महिन्यावर ढकलतात, पण मॅटलाही 90 च प्रश्न आहेत आणि वेळ 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. आकृत्या, संख्यामालिका, सांकेतिक भाषा हे रोज दहा-पंधरा प्रश्न घड्याळ लावून सोडवल्याशिवाय हाताला बसत नाही. सॅटमध्ये गणित फक्त 20 प्रश्नांचं, विज्ञान 35 आणि समाजशास्त्र 35, तरी इतिहास-भूगोल ऑप्शनला टाकणारी पोरं दरवर्षी भेटतात!

ओएमआरची, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेची, प्रॅक्टिस खऱ्या शीटसारख्या छापील कागदावर पेनानेच घ्या. 23 नंबरचा प्रश्न सोडला आणि 24 चं उत्तर 23 च्या गोलात रंगवलं की पुढचं सगळं एकेक घर सरकतं, पेनाचं खोडताही येत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटी एकही गोल रिकामा ठेवू नका.

आणि निवड झाल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरायचा असतो, तो शाळेकडून आणि मग जिल्ह्याकडून व्हेरिफाय व्हावा लागतो, शिवाय दरवर्षी रिन्यूअल. नववीला शाळा बदलली की हे हमखास राहतं, नव्या शाळेत कुणाला माहीतच नसतं की हे पोर एनएमएमएसचं आहे. तेव्हा ॲडमिशनच्या दिवशीच क्लासटीचरना सांगा, आणि दहावीला 60 टक्के लागतात (एससी, एसटीला 55) हे पोराला आत्ताच सांगून ठेवा.