जुनी पोस्ट वर आली? निदान या चुका तरी टाळा

उमेदवारी जाहीर होते, मालिकेचा पहिला प्रोमो पडतो किंवा बिग बॉसच्या घराचं दार उघडतं, आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी जुनी मढी उकरायला बसतं. रात्री दहापर्यंत २०१३ चा एखादा स्क्रीनशॉट दादरपासून डोंबिवलीपर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून आलेला असतो. याचं आता कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते पुढच्या दोन तासांत जे होतं त्याचं. आधी डिलीट, मग 'अकाऊंट हॅक झालं होतं', मग 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर'. नट असो, नगरसेवक असो की रीलवाली ताई, क्रम तोच. पोस्ट दहा वर्षांपूर्वीची असते, घोळ मात्र त्या रात्रीचा ताजा असतो.

घाबरून डिलीट मारणं

सगळ्यात लाडकी चूक. डिलीट केल्याने स्क्रीनशॉट पुसला जात नाही, हे कळायला एव्हाना हरकत नव्हती. उलट 'गुपचूप डिलीट केलं' ही दुसरी बातमी होते आणि ती पहिलीपेक्षा जास्त चालते. पण खरं नुकसान वेगळंच आहे आणि ते फार थोड्यांच्या लक्षात येतं: डिलीट केल्यावर खोटा स्क्रीनशॉट खोटा आहे हे सिद्ध करायचं साधनच हातातून जातं.

गदारोळ सुरू झाला की तीन-चार खऱ्या पोस्टच्या मागे एखादी बनावट येतेच. आणि ती बनावटच सगळ्यात घाण असते. तोवर तुम्ही सगळं साफ करून बसलेले असता. मग 'हे मी लिहिलंच नाही' असं म्हटलं तर समोरचा म्हणणार, डिलीट केलंस म्हणून दिसत नाही. झालं, बसा बोंबलत.

म्हणून आधी ऐवज जपायचा. ट्विटरच्या, म्हणजे आताच्या एक्सच्या, सेटिंगमध्ये 'युवर अकाऊंट'खाली डेटाची अर्काइव्ह, म्हणजे आपल्या सगळ्या पोस्टची साठवलेली प्रत, मागवायची सोय आहे. फाइल यायला चोवीस तास, कधी त्याहून जास्त लागतात. आग लागल्यावर मागवून उपयोग नाही. डिलीट करून काळ लोटलेलं ट्वीट त्यात सापडत नाही, म्हणून अर्काइव्ह आधी, साफसफाई नंतर. वादातल्या पोस्टचं लिंकसकट स्क्रीन रेकॉर्डिंग करा, वरची पत्त्याची पट्टी दिसली पाहिजे.

मग खरं-खोटं तपासा. समोर नुसता स्क्रीनशॉट असेल तर लिंक मागा. प्रत्येक ट्वीटच्या लिंकच्या शेवटी लांबलचक आकडा असतो आणि २०१० च्या अखेरीपासून त्या आकड्यातच वेळ दडलेली आहे. आकड्याला ४१९४३०४ ने भागायचं आणि येणाऱ्या पूर्णांकात १२८८८३४९७४६५७ मिळवायचे. १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद मिळतात. वेळ ग्रीनिचची असते, साडेपाच तास आपण धरायचे. एवढा हिशेब नको असेल तर ढोबळ खूण लक्षात ठेवा: ऑगस्ट २०११ ते मे २०१८ मधल्या ट्वीटचा आकडा अठरा अंकी, त्यानंतरचा एकोणीस अंकी. २०१४ चं म्हणून एकोणीस अंकी लिंक कोणी दाखवली तर तिथेच चहा मागवा.

लिंक मिळालीच नाही तर अक्षरं मोजा. सप्टेंबर २०१७ पर्यंत ट्वीटला १४० ची मर्यादा होती. त्या महिन्यात काही मोजक्यांना आणि नोव्हेंबरमध्ये जवळपास सर्वांना २८० मिळाली. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. 'क्षे' हे एक अक्षर दिसतं, मोजणीत चार भरतात. म्हणजे त्या काळच्या मराठी ट्वीटमध्ये ऐंशी-नव्वद अक्षरांच्या आसपासच मजकूर मावायचा. २०१२ च्या तारखेखाली सहा ओळींचं मराठी भाषण दिसलं, तर ते कोणीतरी नंतर घरी बसून बनवलेलं आहे. फक्त फोटोची लिंक आणि उत्तरातली नावं मोजणीत धरताना जरा जपून, कारण ती कधी मोजायची हे नियम मधल्या काळात बदलले.

उतावळ्या पोरांची एक हमखास चूक इथेच सांगून टाकतो. 'यात बदामाचं चिन्ह आहे, २०१३ ला तर चांदणी होती, म्हणजे खोटं!' चांदणी जाऊन बदाम आला नोव्हेंबर २०१५ मध्ये, हे खरं. पण जुनं ट्वीट आज उघडलं तर त्याखाली बदामच दिसतो. स्क्रीनशॉट कालचा असेल तर बदाम असणारच. असला पुरावा जगासमोर मांडून तोंडघशी पडू नका.

पोलिसांची नोटीस आली असेल तर डिलीटचा विचारही नको. भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ पुरावा नाहीसा करण्याबद्दलच आहे. आधी वकील, मग मोबाइल.

'अकाऊंट हॅक झालं होतं'

झालं असेल तर तेव्हाची तक्रार दाखवा. सायबर पोलिसांची पोच, कंपनीचा मेल, काहीही. नसेल तर हा शब्द तोंडातून काढू नका. हॅकर काही बहिणीच्या हळदीचे फोटो टाकून, मध्येच एका समाजाला शिवी देऊन, पुन्हा वडापावचा फोटो टाकून जात नाही. 'ॲडमिनने टाकलं' याचंही तेच. आठशे फॉलोअर असताना कसला ॲडमिन?

'भावना दुखावल्या असतील तर'

या 'तर'ने जितक्यांना बुडवलं तितकं मूळ पोस्टने नाही. 'दुखावल्या असतील तर' म्हणजे मला काही चुकलंय असं वाटत नाही, तुम्हीच हळवे. लोकांना हे बरोबर कळतं. तरी पीआरवाले अजून तोच मसुदा पाठवतात, कारण तो फाइलमध्ये तयार असतो.

माफी कधी आणि कशी, याचे दोन धडे सर्वांसमोर घडलेले आहेत. ४ डिसेंबर २०१८ ला अमेरिकी विनोदी नट केविन हार्टला ऑस्करचं सूत्रसंचालन जाहीर झालं. लगेच त्याचे २००९ ते २०११ मधले समलिंगींबद्दलचे ट्वीट वर आले. तो ट्वीट पुसायला लागला, हे लोकांनी पाहिलं. मग इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकला: ऑस्कर देणारी अकादमी म्हणते माफी माग नाहीतर दुसरा माणूस बघतो, पण मी यावर आधीच बोललोय, माफी मागणार नाही. आणि काही तासांत काम सोडल्याचं जाहीर करताना माफीही मागितली. म्हणजे काम गेलं, माफीही मागावी लागली, आणि ती कोणाच्या जमेलाही धरली गेली नाही. फेब्रुवारीतला सोहळा सूत्रसंचालकाशिवाय झाला. 'मी आधीच बोललोय' हे खरं असलं तरी ज्याने आज पहिल्यांदा वाचलंय त्याच्यासाठी ते आजचंच असतं. आधीची माफी असेल तर तिची लिंक द्या आणि पुन्हा दोन वाक्यांत मागा. काय झिजतं?

दुसरा इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन. २ जून २०२१, लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण, आणि खेळ चालू असतानाच त्याचे २०१२-१३ चे, वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षीचे, ट्वीट फिरायला लागले. दिवसाचा खेळ संपल्यावर त्याच संध्याकाळी तो स्वतः कॅमेऱ्यासमोर आला आणि आपलेच ट्वीट वर्णद्वेषी आणि स्त्रियांना हिणवणारे होते हे त्या शब्दांत म्हणाला. तरी सामन्यानंतर निलंबन झालंच. सामन्यात सात बळी घेतले होते, त्याचा उपयोग झाला नाही. पुढे आठ सामन्यांची बंदी, त्यातली पाच स्थगित, शिवाय ३२०० पौंड दंड. पण ऑगस्टमध्ये भारताविरुद्ध ट्रेंट ब्रिजला तो पुन्हा संघात होता. माफीने शिक्षा टळत नाही. शिक्षा संपते मात्र. माफी मागितल्यावर दोन तासांत 'अजून ट्रोल करतायत' म्हणून रडणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

माफी लिहायची माझी सवय सांगतो. साठ ते ऐंशी शब्द. ज्या अकाऊंटवरून घाण केली त्याच अकाऊंटवर, आणि ज्या भाषेत केली त्याच भाषेत. मराठीत शिवी देऊन इंग्रजीत माफी मागणारे स्वतःला कोण समजतात? काय लिहिलं होतं ते नाव घेऊन, कोणाबद्दल होतं ते नाव घेऊन. 'तेव्हा लहान होतो', 'संदर्भ तोडला', 'टार्गेट केलं जातंय' ही तिन्ही वाक्यं खोडायची. वय लोक स्वतः मोजतात. आईवडील, महाराज, देव यांना मध्ये आणायचं नाही. खाली आगामी नाटकाचा प्रयोग किंवा प्रचारफेरीची वेळ नको. हेही सांगावं लागतं. टाकल्यावर दोन दिवस तोंड बंद. वाद घालणाऱ्या एकेकाला उत्तर देत बसलात तर माफी कोणी वाचणार नाही, भांडणंच वाचतील.

आणि माणूस बिग बॉसच्या घरात असेल, फोन जमा असेल, तर बाहेरच्या टीमने त्याच्या नावाने 'मला पश्चात्ताप होतोय' लिहू नये. त्याला खबरही नाही, पश्चात्ताप कसला? टीम म्हणून टीमच्या नावाने लिहा.

पक्ष बदलला, वॉल तशीच

हा खास आपल्या महाराष्ट्राचा आजार. तीन तारखा कागदावर लिहा: २८ नोव्हेंबर २०१९, ३० जून २०२२, २ जुलै २०२३. उद्धव ठाकरे, एकनाथ शिंदे, अजित पवार, असे तीन शपथविधी. प्रत्येकाच्या आधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार आठवडे चाळा, कारण कार्यकर्त्याने साहेबांना देव आणि समोरच्याला गद्दार म्हटलेलं सगळं तिथेच सापडतं. विरोधकही तिथेच शोधतात.

इथे मात्र सरसकट माफी मागू नका. राजकीय टीका होती तर 'तेव्हा तिकडे होतो, तेव्हा तसं बोललो' एवढं एक वाक्य पुरतं, सगळ्यांचंच तसं असतं. जात, धर्म, कोणाची आई-बहीण किंवा कोणाचं व्यंग यावर लिहिलेलं असेल तर ते टीकेच्या खात्यात टाकू नका. तिथे वर सांगितलेली माफीच.

अर्धवट शोधाशोध

'सगळं चेक केलं, काही नाही' म्हणणाऱ्याने देवनागरीत चार शिव्या शोधलेल्या असतात. अरे बाबा, दहा-बारा वर्षांपूर्वी फोनवर मराठी रोमन लिपीतच लिहीत होतास. एकच शब्द चार-पाच स्पेलिंगनी शोधावा लागतो. 'भैय्या', 'घाटी', जातींची नावं, नट्यांची नावं, सगळं दोन्ही लिप्यांत. नंतर तारखांनी शोधा: ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये अकाऊंटचं नाव आणि दोन तारखा. १७ नोव्हेंबर २०१२ (बाळासाहेब ठाकरे गेले तो दिवस), १६ मे २०१४ (लोकसभेचा निकाल) आणि भारत-पाकिस्तान सामन्यांच्या रात्री आधी बघा. माणूस सामन्याच्या रात्री काय लिहील सांगता येत नाही.

एका क्लिकमध्ये सगळं साफ करणाऱ्या ॲपवर विसंबू नका. ट्विटरची टाइमलाइन बाहेरच्या ॲपला शेवटची ३२०० ट्वीटच देते. अर्काइव्हची फाइल न घेता काम करणारं ॲप कालचे 'शुभ सकाळ' पुसतं आणि २०११ चं विष तसंच ठेवतं. शिवाय त्याला अकाऊंटची परवानगी द्यायची म्हणजे घराची किल्ली.

फेसबुकचं 'जुन्या पोस्ट मर्यादित करा' हे बटण प्रोफाइलपुरतं चालतं, पेजला लागू नाही. दुसऱ्याच्या पोस्टवर केलेल्या कमेंटही त्यात येत नाहीत, त्या ॲक्टिव्हिटी लॉगमधून एकेक करून बघाव्या लागतात. कंटाळवाणं आहे. बघा तरी. फेसबुकवर पोस्ट एडिट करून सुटकाही नाही, एडिट हिस्ट्री वाचता येते. एक्सवर लाइक जून २०२४ पासून इतरांना दिसत नाहीत, पण त्याआधी कोणी स्क्रीनशॉट काढून ठेवले असतील तर ते आहेतच.

बाकी एकेका ओळीत:

- 'जुनं आहे, कायदा काय करणार?' ऑल्ट न्यूजचे पत्रकार मोहम्मद झुबैर यांना २०१८ च्या ट्वीटवरून जून २०२२ मध्ये अटक झाली होती. १ जुलै २०२४ पूर्वीच्या पोस्टला जुनं आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिता, लागतं, माफी नाही लागत.
- ठरवून ठेवलेल्या पोस्ट आणि जाहिराती आधी थांबवा. गदारोळात तुमचं साबणाचं कोलॅब आपोआप पडलं तर ब्रँडवाला पहिला पळेल.
- चॅनेल, निर्माता, पक्ष कार्यालय यांना बातमी तुमच्याकडून कळू दे, ट्विटरवरून नव्हे.
- विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराने फॉर्म २६ मध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शपथपत्रात, सोशल मीडियाची अकाऊंट लिहायची असतात. विसरलेलं कॉलेजचं अकाऊंट आधी आठवा.
- 'भाऊंच्या पोरांना' टीका करणाऱ्याच्या घरी पाठवू नका. जुन्या पोस्टचा वाद सकाळपर्यंत मारहाणीचा गुन्हा होतो.
- हँडल बदललं असेल तर जुनं नाव मोकळं सोडू नका, दुसरा कोणी घेऊन तुमच्याच नावाने लिहील.

आणि आज रात्रीच करायचं काम: फेसबुक पेजचं 'पेज ॲक्सेस' उघडा. २०१७ च्या पालिका प्रचाराला बसवलेली पोरं अजून तिथे ॲडमिन असतील, त्यातलं एखादं आता समोरच्या पक्षाचं पेज चालवत असेल. त्यांना काढा, पासवर्ड बदला, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर दुसरा कोडही मागणारं कुलूप) लावा, आणि रिकव्हरीला दिलेला मोबाइल नंबर अजून तुमच्याच खिशात आहे का ते बघा. बंद केलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी देऊन मोकळी होते.