मृगाआधी तलाव, बोडी अन् शेततळ्यातील पाणवनस्पती : आधी गट ओळखा, मग विळा घ्या

मे अखेरीस नागपूर जिल्ह्यातील बोड्या (लहान तलाव) आणि गावतलाव तळाला लागतात. पाणवनस्पती काढायला हाच काळ सोयीचा. पण सगळ्याला एकच 'गवत' समजून काम काढले, तर मजुरी जाते आणि दिवाळीपर्यंत तलाव पुन्हा झाकला जातो. या वनस्पतींचे चार गट पडतात : मुळे पाण्यात लोंबणाऱ्या तरंगत्या, चिखलात मूळ धरून पाने वर पसरणाऱ्या, पूर्ण बुडालेल्या आणि काठाच्या उथळ पाण्यात उभ्या. कोणता गट कुठे वाढतो हे खोली, पाण्याचा नितळपणा आणि गाळातले खत ठरवते.

काठापासून सुरुवात करावी. पाणकणसाच्या चिखलातील खोडाला हवा वरच्या पोकळ पानांतून, अगदी वाळलेल्या धाटांतूनही मिळते. म्हणून मृगाच्या तोंडावर ते चिखलालगत कापावे आणि एकही धाट उभे ठेवू नये. चढते पाणी खुंटांवर वीतभर आले आणि तसेच टिकले, की आतले खोड गुदमरून कुजते. हेच काम फेब्रुवारीत केले तर पाणी उतरते असते, खुंट उघडे राहतात आणि आठवड्याभरात कोंब येतात. नुसते जाळून तर काहीच साधत नाही, आग चिखलाखाली पोचत नाही. बेशरम मात्र कापू नये, मुळासकट उपटावी. ओल्यात पडलेला तिचा प्रत्येक तुकडा मूळ धरतो. बांधाबाहेर कोरड्या जागी रचून पूर्ण वाळवावी आणि शेळ्यांना तिथे जाऊ देऊ नये, ती विषारी आहे.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. नागपूरकरांना ती अंबाझरी तलावावर पाहून माहीत आहे. सांडपाण्यातले नत्र-स्फुरद मिळाले की ती फोफावते. अनुकूल हवेत दोन आठवड्यांच्या आसपास तिचे क्षेत्र दुप्पट होते, त्यामुळे अर्धा तलाव साफ करून थांबणे म्हणजे मजुरी पाण्यात. शिवाय बी चिखलात १५-२० वर्षे जिवंत राहते आणि पाणी ओसरलेल्या ओल्या काठावर उगवते. पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवडे दर आठवड्याला काठावर फेरी मारावी आणि बोटभर रोपे हाताने उपटावीत. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडचा, त्यामुळे तरंगती झाडे पूर्वेच्या काठाला लागतात. तिथेच बांबू आणि दोरीचा अडसर लावला की गोळा करायला होडी लागत नाही.

काढलेला ढीग पूररेषेच्या वर टाकावा, नाहीतर पहिली जोरदार सर तो परत आत नेते. ताज्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. ८-१० दिवस काठावरच सुकवली तर वाहतूक बरीच वाचते. मग बोट-दोन बोटे लांबीचे तुकडे करून शेणकाल्यासोबत थर द्यावेत आणि दर १५-२० दिवसांनी ढीग पालटावा. शहराच्या नाल्यावरची जलपर्णी खताला किंवा जनावरांना वापरू नये. ती शिसे, कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते.

तणनाशकाचा मोह आवरावा. २,४-डी हे तणनाशक मिसळलेले पाणी कपाशीला लागले तर अंशमात्रही पुरते : पाने अरुंद, पंजासारखी होतात. आणि एकदम मेलेली झाडे कुजू लागली, की पाण्यातला प्राणवायू संपून पहाटे मासे वर येतात.

बुडालेल्या हायड्रिलाला कोयता लावणे म्हणजे पेरणी करणे. प्रत्येक तुकडा नवे रोप होतो, आणि गाळातले बारीक कंद उन्हाळ्यातही टिकतात. काळ्या मातीच्या गढूळ पाण्यात जुलै-ऑगस्टला ती दबलेली असते, ऑक्टोबरात पाणी नितळले की वर येते. बंदिस्त मत्स्यतळ्यात गवत्या माशाची (ग्रास कार्प) वीतभर लांबीची बोटुकली सोडावी. त्याहून लहान पिल्ले मोठ्या माशांच्या पोटात जातात. जलपर्णीला मात्र हा मासा फारसे तोंड लावत नाही. शिंगाड्याच्या बोडीत त्याला अजिबात सोडू नये, कोवळी पाने तो सोडत नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावातही नको : तिथला हायड्रिला, कमळ, कुमुद हे ढिवरांच्या (मासेमारी करणाऱ्या समाजाच्या) माशांचे खाद्य आणि आसरा आहे. तिथे फक्त बेशरम आणि जलपर्णी काढावी.

गाळ शेतात नेण्याआधी मूठभर फोडून पाहावा. लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर तो संत्र्याच्या बागेत टाकू नये, त्या बागेत वर्षानुवर्षे निघत राहतील. अस्तर लावलेल्या शेततळ्यात लोखंडी दाताळे वापरले की प्लॅस्टिक फाटते, तिथे शेवाळ जाळीने ओढावे. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची झडप) रिकाम्या ड्रमला बांधून पाण्याखाली हात-दीड हात ठेवला, तर ठिबकचे फिल्टर कमी तुंबतात.