होम थिएटर एकदम नको, हळूहळू जमवा: आधी काय घ्यायचं आणि नंतर काय

दिवाळी सेलमध्ये भलामोठा वॅटचा आकडा छापलेला होम थिएटरचा खोका दिसला की हात शिवशिवतात, पण जरा थांबा. त्या खोक्यातले पाच छोटे स्पीकर, सब (सबवूफर, म्हणजे बेस वाजवणारा मोठा डबा) आणि अँप (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) बऱ्याचदा एकमेकांत असे अडकवलेले असतात की उद्या एकच स्पीकर बदलायचा म्हटलं तरी पंचाईत, कारण वायरची पिन कंपनीची स्वतःची, ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) वेगळेच आणि अँप कधी कधी सबच्याच पोटात. साउंडबारचंही थोडंफार तेच. टीव्हीपेक्षा बरा आवाज हवाय आणि विषय संपवायचाय तर खुशाल साउंडबार घ्या, त्यात वाईट काही नाही. पण दोन-चार वर्षांत पैसे येतील तसं वाढवत न्यायचं असेल तर सुट्या वस्तूंचाच रस्ता धरा आणि एकच नियम पाळा: आज घेतलेली वस्तू पुढच्या टप्प्यातही घरात कुठेतरी कामाला लागली पाहिजे.

आणि हो, पीएमपीओ नावाचा आकडा वाचून काहीही घेऊ नका, तो निव्वळ जाहिरातीचा आकडा. आरएमएस बघा, म्हणजे सतत देता येणारी पॉवर, आणि तोसुद्धा किती चॅनल (एका स्पीकरला एक) चालू असताना मोजलाय ते बघा. दोन चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असं लिहिलेला आकडा त्यातल्या त्यात खरा.

पायरी १: रंगकाम निघायच्या आधी वायर

हे सगळ्यात पहिलं, कारण नंतर भिंत फोडायला घरचे तयार होत नाहीत. घराचं रंगकाम किंवा फर्निचर निघालं असेल तर टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्याच्या दोन्ही बाजूंना पाइप टाकून घ्या, सब ठेवता येईल अशा दोन कोपऱ्यांपर्यंतही टाका. स्पीकर आज नसले तरी चालतील. लाइटच्या वायरच्या पाइपमधून स्पीकरची वायर ओढू नका, इलेक्ट्रिशियन "होतंय की साहेब" म्हणेल तरी नाही.

आपल्या हॉलभर फिरणाऱ्या लांबीला १६ गेजची तांब्याची वायर पुरते, स्पीकर ४ ओहमचे असतील किंवा पल्ला फारच लांब असेल तर १४ गेज घ्या (आकडा लहान म्हणजे वायर जाड, हे दुकानात उलटं सांगितलं जातं कधी कधी). लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर खिशात ब्लेड ठेवा. वायरची एक बारीक तार खरवडून बघा, वरून तांबूस आणि आतून पांढरट निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर, तांब्याच्या भावात घेऊ नका.

पायरी २: एव्हीआर आणि फक्त दोन स्पीकर

एव्हीआर म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा रिसीव्हर. तो सात चॅनलचा घ्या, आज दोनच वापरणार असलात तरी. ईआर्क (टीव्हीचा आवाज त्याच केबलने एव्हीआरकडे आणणारी सोय) असलेला एचडीएमआय हवा, आणि बजेटमध्ये बसत असेल तर प्री-आउट असलेलं मॉडेल, म्हणजे पुढेमागे वेगळा अँप जोडता येतो. डेनॉन, यामाहा, ओंक्यो, मरँट्झ यांपैकी तुमच्या गावात ज्याची सर्व्हिस नीट मिळते ते घ्या, सुरुवातीला यापेक्षा जास्त डोकं लावायची गरज नाही.

जास्तीचे पैसे समोरच्या दोन स्पीकरवर घाला. दहा बाय पंधराच्या हॉलला पाच ते साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर) पुरेसे होतात, जमिनीवर उभे राहणारे टॉवर घेऊन जागा अडवायचं कारण नाही. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरमध्ये किती मोठा वाजतो) नक्की बघा: ९० डेसिबलवाला स्पीकर ८७ वाल्याएवढा आवाज साधारण निम्म्या पॉवरमध्ये देतो, म्हणजे एव्हीआरवर खर्च न करता तेवढी ताकद फुकटात. एव्हीआरच्या मेनूत सेंटर (टीव्हीजवळचा मधला, डायलॉगचा स्पीकर) 'नन' करून ठेवा, मग डायलॉग दोन्ही स्पीकरमध्ये वाटला जातो आणि मधोमध बसलं तर तो टीव्हीतूनच आल्यासारखा वाटतो. या अवस्थेत सहा महिने आरामात काढता येतात, गाणी तर मस्तच ऐकू येतात.

पायरी ३: सब आधी की सेंटर?

यावर भांडणं होतात. घरात एक-दोघंच समोर बसून बघत असतील तर आधी सब. आठ-दहा जण सोफ्यावर, खुर्च्यांवर, खाली चटईवर पसरून बसत असतील तर आधी सेंटर, कारण कडेला बसलेल्याला डायलॉग फक्त जवळच्या स्पीकरमधून येतो आणि मग "काय म्हणाला तो?" सुरू होतं. मला विचाराल तर सब, कारण लहान स्पीकरवरचं खालच्या आवाजाचं ओझं उतरलं की तेच स्पीकर मोकळे वाजायला लागतात.

सब कुठे ठेवायचा ते मात्र अंदाजाने ठरवू नका. ४० हर्ट्झच्या आवाजाच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, म्हणजे अख्ख्या हॉलपेक्षा मोठी, त्यामुळे भिंतींवरून परत आलेला आवाज काही जागी दुप्पट होतो आणि काही जागी गायबच. उपाय साधा आहे. सब उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस भरपूर असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा. घरचे हसतील, हसू दे. जिथे बेस घुमत नाही आणि कमीही पडत नाही, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, तिथे सब ठेवायचा.

मग मेनूत समोरचे स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. स्मॉल म्हटल्यावर काही जणांना अपमान वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की ८० च्या खालचं काम सबकडे. सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवून ठेवा, नाहीतर दोन्हीकडून कापाकापी होते.

शेजाऱ्यांचं काय? बेस स्लॅबमधून जातो, सबखाली रबराचे पाय लावून थोडाच फरक पडतो. नियमाप्रमाणे राहत्या भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा रात्री एव्हीआरचा नाइट मोड लावा आणि सब कमी करा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव यायच्या आत.

सेंटर घेताना एकच गोष्ट, तो समोरच्या दोन स्पीकरच्याच सिरीजमधला हवा. नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलतो. युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका, पुढच्या कडेला आणा, आणि टीव्हीखाली असेल तर दाराला लावतात ती रबरी पाचर पुढून खाली सारून त्याचं तोंड कानाकडे वळवा. फरक लगेच कळतो.

पायरी ४: जुने मागे, नवे पुढे

इथे तो वरचा नियम कामाला येतो. एव्हाना समोर आणखी चांगले स्पीकर हवेसे वाटायला लागले असतील, तर नवी जोडी आणि तिचा सेंटर एकत्रच घ्या, जुने बुकशेल्फ सराउंड म्हणून मागे पाठवा आणि जुना सेंटर विकून टाका. सराउंडसाठी वेगळे स्पीकर घ्यायची घाई म्हणूनच करायची नाही. जागा म्हणाल तर बसलेल्या माणसाच्या बाजूला आणि किंचित मागे, ११० ते १२० अंशांवर, कानापेक्षा थोडे वर. सोफा भिंतीला चिकटलेला असेल (बहुतेकांचा असतोच) तर फूटभर पुढे ओढता येतो का बघा, नाहीच जमलं तर सराउंड बाजूच्या भिंतींवर लावा.

सेकंडहँड घेत असाल तर जाळी काढून कोनाच्या कडेची रिंग बोटाने हलकेच दाबून बघा. रबराची असेल तर ठीक, फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती भुसभुशीत होऊन हातात येते.

पायरी ५: माइक लावून कॅलिब्रेशन

एव्हीआर माइकने हॉल मोजून स्पीकर आपोआप जुळवतो, डेनॉनमध्ये त्याला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपीएओ, आणि हे प्रत्येक नवीन स्पीकरनंतर परत करायचं. पंखा, एसी बंद, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या, माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीला टेकवून नाही. झाल्यावर मेनू तपासा, कारण ते स्पीकर परत 'लार्ज' करून ठेवतं कधी कधी. सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर मात्र हात लावू नका, सबच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो.

सतत घूं आवाज येत असेल तर सेट टॉप बॉक्समधली गोल केबल काढून बघा. आवाज थांबला तर स्पीकरचा दोष नाही, त्या केबलमधून ग्राउंड लूप (अर्थिंगची गडबड) होतोय.

फरशी, काच आणि उघड्या भिंती असलेल्या हॉलमध्ये सगळंच कर्कश वाजतं. सतरंजी, जाड पडदे यांनी बरंच सुधारतं, आणि बाजूच्या भिंतीवर एक दिवस गोधडी लटकवून बघितलीत तर पॅनेलवर खर्च करावा की नाही तेही कळेल. अंड्यांचे ट्रे लावू नका, बेसवर त्यांचा काही परिणाम नाही आणि धूळ साठते ती वेगळीच.

पायरी ६: ॲटमॉस, पण शेवटी

घरगुती ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) २०१४ पासून मिळतंय. सात चॅनलचा एव्हीआर असेल तर ५.१.२ (पाच स्पीकर, एक सब, दोन वरचे) तेवढ्यातच होतं, फक्त वरची जोडी वाढवायची. स्ट्रीमिंगवरचं ॲटमॉस साध्या आर्कवरूनही (ईआर्कच्या आधीची सोय) येतं, ब्लू-रेच्या मोठ्या ट्रॅकला टीव्हीमार्गे आणायचं तरच ईआर्क लागतं. छताकडे तोंड करून वाजणारे स्पीकर घ्यायच्या आधी मात्र वर बघा: सपाट, कडक छत हवं, पीओपीच्या पायऱ्या आणि मधोमध पंखा असला की आवाज कुठेतरी भलतीकडेच जातो. तसं असेल तर समोरच्या भिंतीवर छताजवळ जोडी लावा आणि मेनूत 'फ्रंट हाइट' निवडा.