डीएनएचा नमुना खराब होऊ नये म्हणून काय करावे

पेशी मेली की तिच्यातलेच न्यूक्लिएज एन्झाइम डीएनएचे तुकडे पाडू लागतात. दमट, उबदार जागी जिवाणू आणि बुरशी त्यात भर घालतात. यातून जे वाचते, त्याला पाणी सावकाश पोखरते: अ‍ॅडेनीन-ग्वानीन हे डीएनएच्या साखळीतले बेस गळतात आणि तिथेच साखळी तुटते. सायटोसीन (सी) या बेसचे युरॅसिल होते, म्हणून सीच्या जागी थायमिन (टी) वाचला जातो. तुकडे १०० बेस-जोड्यांच्या आत आले, की ४०० जोड्यांचा भाग पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) मिळत नाही, डीएनए कितीही घाला.

म्हणून खरे काम नमुना घेतानाच करायचे. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्या आणि ट्यूब ८-१० वेळा हलकेच उलटीसुलटी करा. बहुतेक न्यूक्लिएजना मॅग्नेशियम लागते. ईडीटीए तेच पकडून ठेवते. हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) ट्यूब नको, ते पीसीआर अडवते. ऊतीचे ३-५ मिलिमीटरचे तुकडे करून दहापट ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवा. ऊतीतल्या पाण्याने इथेनॉल पातळ होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते बदलाच. फॉर्मलीन टाळा. स्वॅब किंवा डागाचे कापड सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी धरते.

वेगळा केलेला डीएनए नुसत्या पाण्यात ठेवू नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी होते आणि अ‍ॅडेनीन-ग्वानीन लवकर गळतात. १० मिलिमोलर ट्रिस, ०.१ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ८.० हा बफर वापरा. २०-५० मायक्रोलिटरचे भाग पाडून उणे २० अंशांवर ठेवा, दीर्घकाळासाठी उणे ८०. पुन्हा पुन्हा वितळवल्याने लांब रेणू तुटतात. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर याच कारणाने वाईट.

थंडीचा फरक किती पडतो? न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांत, सुमारे १३ अंशांना, २४२ जोड्यांच्या डीएनए तुकड्यांचा अर्धायुकाल (निम्मे तुकडे तुटायला लागणारा काळ) ५२१ वर्षे निघाला. ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळात मात्र २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए सापडला.

२६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचे) १.८ आले म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातून प्रथिनांची भेसळ कळते, तुकडे कळत नाहीत. १ टक्का अ‍ॅगरोज जेलवर ५०-१०० नॅनोग्रॅम डीएनए चालवा, तिथे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात. वरच्या बाजूला ठळक पट्टी दिसली तर उत्तम. खालपर्यंत ओघळ पसरला असेल, तर १००-१५० जोड्यांचा भाग वाढवणारे प्राइमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे छोटे डीएनए तुकडे) निवडा. जुन्या नमुन्यात पॉलिमरेजही (प्रती तयार करणारे एन्झाइम) जपून निवडा, कारण प्रूफरीडिंग (प्रतीतल्या चुका दुरुस्त) करणारी अनेक पॉलिमरेज युरॅसिलपाशी अडतात.